सागाला आधी भोक लागते

सुरतेतल्या हार्डवेअरच्या दुकानात ‘स्क्रूड्रायव्हर’ मागितला तर मिळतो, पण गुजराती सुताराच्या तोंडी असलेला शब्द निराळा आहे. तो म्हणतो ‘डिसमिस’. जळगाव-धुळ्याकडून कामासाठी नवा आलेला पोरगा हा शब्द पहिल्यांदा ऐकतो तेव्हा गोंधळतो. दोन-चार दिवसांत त्याच्याही तोंडी तोच बसतो. भोक पाडायच्या हत्याराला गुजरातीत ‘शारडी’ म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी ‘सामता’ आणि ‘गिरमिट’ असे दोन शब्द आहेत. सामता दोरीच्या कमानीने फिरवायचा, गिरमिट हाताच्या मुठीने पिळायचे. यातले गिरमिट इंग्रजी ‘गिमलेट’शी नाते सांगते, सामता मात्र इथलाच. आणि स्क्रूला मराठीत एक जुना, नेटका शब्द आहे, ‘मळसूत्र’. गोल जिन्याला आपण मळसूत्री जिना म्हणतो ते त्यावरूनच.

आज सुरतेच्या उधना, पांडेसरा, लिंबायत, दिंडोली या भागांत फर्निचरची कामे चालतात तिथे शारडी, सामता, गिरमिट यांतले काहीच सहसा दिसत नाही. दिसते ते पिस्तुलाच्या आकाराचे, खाली बॅटरीचा ठोकळा लावलेले कॉर्डलेस ड्रिल. भोक पाडणे आणि स्क्रू पिळणे ही दोन्ही कामे तेच करते. ही दोन कामे एका हत्यारात येण्याआधी शेकडो वर्षे वेगळी होती, आणि त्यातले दुसरे काम तर फार काळ नव्हतेच. सुरतेची सुतारकी जेव्हा जगात नावाजलेली होती, तेव्हा तिला स्क्रूची गरज पडत नव्हती.

सुरत म्हटले की मराठी वाचकाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. शिवाजी महाराजांनी या बंदरावर दोनदा स्वारी केली ती तिथल्या संपत्तीसाठी, आणि ती संपत्ती समुद्रावरून आली होती. ज्या जहाजांनी ती आणली त्यांतली कित्येक तापीच्या काठीच बांधलेली होती. लुटीचा इतिहास आपण पाठ केला. ती जहाजे घडवणाऱ्या हातांचा इतिहास मात्र आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही.

तो सांगणारा एक परका साक्षीदार आहे. योहान स्प्लिंटर स्टाव्होरिनस हा डच दर्यावर्दी १७७० च्या दशकात सुरतेत होता. जहाज कसे बांधतात हे त्याला चांगले कळत होते, त्यामुळे त्याने पाहिलेले तपशील मोलाचे आहेत. युरोपात जहाजाच्या फळ्या कडेला कड लावून बसवत आणि मधल्या फटीत दोरखंडाचा चोथा ठासत. सुरतेचे सुतार तसे करत नव्हते. ते फळीच्या कडेला खाच काढून एक फळी दुसरीत बसवत. खाच तंतोतंत जुळली की नाही हे पाहण्यासाठी खालच्या फळीच्या कडेला तांबडा शेंदूर फासत आणि वरची फळी तिच्यावर दाबून उचलत. जिथे शेंदूर लागला तिथे उंचवटा आहे असे समजून तेवढाच भाग तासून काढत. पुन्हा शेंदूर, पुन्हा दाब, पुन्हा तासणे. सगळ्या कडेवर रंग सारखा उमटेपर्यंत हे चालायचे. मग दोन्ही कडांना एक चिकट लेप लावायचा, जो पुढे लोखंडासारखा कडक होत असे. त्यावर कापसाचा पातळ थर द्यायचा आणि फळ्या खुंट्यांनी आवळायच्या. सांधा डोळ्यांना जेमतेमच दिसे.

पुणे, पिंपरी किंवा चाकणच्या कारखान्यात ज्याने फिटरचे काम केले आहे त्याला हे वाचताना ओळखीचे वाटेल. तिथे आजही दोन पृष्ठभाग जुळवताना निळा रंग लावून ‘ब्ल्यू मॅचिंग’ करतात. सुरतेच्या सुताराने तेच काम अडीचशे वर्षांपूर्वी सागाच्या फळीवर, देवाला लावायच्या शेंदराने केले होते.

स्टाव्होरिनसने आणखी एक गोष्ट टिपली. जिथे युरोपीय कारागीर बोल्ट वापरत, तिथे सुरतेत घडीव लोखंडी खिळे वापरत. खिळा बाहेरून आरपार घालायचा, आत निघालेले टोक वळवायचे आणि पुन्हा लाकडात ठोकायचे. असा खिळा मागे सरकू शकत नाही. आटे नसलेल्या लोखंडाला आट्यांचे काम करायला लावण्याची ही युक्ती होती. लाकूड धरून ठेवणे हेच स्क्रूचे काम, आणि सुरतेने ते टोक वळवून साधले होते.

पण वीतभर जाडीच्या सागात असा खिळा नुसता हातोडीने जात नाही. गेलाच तर लाकूड तंतूंच्या रेषेत तडकते. साग चिवट असतो, त्यात तेल असते आणि बारीक वाळूसारखी सिलिकाही असते. हत्याराची धार ती लवकर खाऊन टाकते. म्हणून खिळ्याच्या आधी भोक, आणि भोकासाठी सामता.

सामता साधा दिसतो. मध्ये लाकडी दांडा, खाली लोखंडी टोक, वर हातात धरायला सैल बसणारी टोपी. ती कधी लाकडाची, कधी नारळाच्या करवंटीची. दांड्याला कमानीच्या दोरीचा एक वेढा द्यायचा आणि करवत ओढावी तशी कमान पुढे-मागे ओढायची. दांडा एकदा उजवीकडे गरगरतो, एकदा डावीकडे. खालचे टोक भाल्याच्या पात्यासारखे चपटे आणि दोन्ही बाजूंनी धारेचे, त्यामुळे दोन्ही दिशांना ते लाकूड खरवडते. डाव्या हाताने टोपीवर द्यायचा दाब आणि उजव्या हाताची लय, यावर सगळे काम. दाब जास्त झाला की टोक अडकते आणि दोरी घसरते. कमी झाला तर नुसते घासते, लाकूड निघत नाही. भोक सरळ चालले आहे का हे पाहायला एक जण समोर उभा राहायचा, कारण फिरवणाऱ्याला कलणे फक्त एकाच बाजूने कळते.

या हत्याराची वंशावळ फार मागे जाते. गुजरातेतच लोथल येथे एस. आर. राव यांनी १९५० च्या दशकात केलेल्या उत्खननात हडप्पाकालीन धातूचे एक छिद्रक मिळाले, ज्याच्या अंगावर पिळाच्या खाचा असल्याची नोंद त्यांनी केली. खंभातला अकीकाच्या मण्यांना भोक पाडायला कमानीवर फिरणारी हिऱ्याच्या टोकाची शारडी चालते. लाकडाला लोखंडाचे टोक पुरते, दगडाला हिरा लागतो. कमान मात्र तीच.

पण या कमानीला एक मर्यादा होती, आणि स्क्रूच्या बाबतीत ती आडवी येते. कमान पुढे-मागे चालते, त्यामुळे दांडा जितका उजवीकडे फिरतो तितकाच डावीकडे. भोक पाडायला ते चालते. मळसूत्राला मात्र एकाच दिशेने फिरत राहावे लागते. एक फेरी आत आणि एक फेरी बाहेर अशाने तो कधीच बसणार नाही. इथल्या सुताराकडे भोकासाठी उत्तम हत्यार होते, पण पिळायचे हत्यार म्हणजे त्याचे स्वतःचे मनगट.

ही सुतारकी सुरतेपुरती राहिली नाही. १७३५ साली मुंबईहून ईस्ट इंडिया कंपनीचा एक अधिकारी जहाज बांधून घेण्यासाठी सुरतेला आला. तिथल्या गोदीत लवजी नसरवानजी नावाचा पारशी मुकादम त्याच्या नजरेत भरला. लवजी सुरतेजवळच्या सिगनपूरचा. १७३६ मध्ये दहा सुतार बरोबर घेऊन तो मुंबईला आला आणि तिथून वाडिया घराण्याचा इतिहास सुरू झाला. जहाज बांधणारा तो वाडिया. मुंबईच्या इतिहासात हा प्रसंग नेहमी सांगितला जातो, पण तो मुंबईची सुरुवात म्हणून. सुरतेच्या बाजूने पाहिले तर आपल्या बंदरातली अकरा कसबी माणसे निघून गेली, आणि त्यांच्याबरोबर शेंदूर लावून फळी जुळवण्याची विद्या मुंबईलाही पोहोचली. तापीचे मुख गाळाने भरत होते, व्यापार मुंबईकडे सरकत होता. लवजी १७७४ मध्ये वारला. तोपर्यंत मुंबईला १७५० च्या सुमाराची सुकी गोदी होती आणि तिच्यात सुरतेच्या पद्धतीची सागी जहाजे उभी राहत होती.

पुढची यादी मोठी आहे. ‘मिंडेन’ १८१० मध्ये पाण्यात उतरले. ‘कॉर्नवॉलिस’ १८१३ चे. १८४२ मध्ये चीनशी नानकिंगचा तह याच जहाजावर झाला. ‘त्रिंकोमाली’ १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरले आणि ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या गोदीत तरंगत आहे. त्याचे मूळ सागी लाकूड अजून मोठ्या प्रमाणात शाबूत आहे. दोनशे वर्षे ते का टिकले याचे एक कारण लाकूड आणि लोखंड यांच्या संबंधात आहे. इंग्रजी ओकमध्ये आम्ल असते, ते खिळ्याला गंज चढवते. गंजलेला खिळा भोवतीचे लाकूड कुजवतो. सागातले तेल लोखंडाला सांभाळते. इथल्या सुताराने हे रसायनशास्त्रात शिकले नव्हते, पण सागात लोखंड टिकते हे त्याच्या हाताला ठाऊक होते. त्या सागासाठी इंग्रजांनी १८४० च्या दशकात सुरतेच्या पाठीमागचे डांगचे जंगल तिथल्या भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतले. पुढे बडोद्याच्या गायकवाडांनी बिलिमोऱ्याहून वघईपर्यंत छोटी रेल्वे टाकली तीही मुख्यत्वे लाकडासाठी. डांगच्या सागावर मुंबईची जहाजे, सुरतेची घरे आणि खानदेशातले दरवाजे उभे आहेत, आणि त्या जंगलाची किंमत मोजणाऱ्या आदिवासींचे नाव या कुठल्याही वस्तूवर नाही.

सुरतेत मागे राहिलेल्या कारागिरांचे एक काम मात्र जहाजांपेक्षा नाजूक होते. सादेली. इराणातल्या शिराझकडून सिंधमार्गे आलेली ही कला सुरतेच्या पारशी घराण्यांनी जोपासली. ‘पेटीगरा’ हे आडनाव त्या पेट्या करणाऱ्यांचे. हस्तिदंत, शिंग, शिसव, चंदन आणि कथलाची तार यांच्या त्रिकोणी, चौकोनी काड्या एकत्र चिकटवून जुडी करायची. जुडी वाळली की काकडीसारखे तिचे आडवे काप काढायचे. प्रत्येक कापावर तीच नक्षी उमटते. हे काप पेटीवर सरसाने बसवायचे. १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात सुरत-मुंबईच्या अशा पेट्या मांडलेल्या होत्या. नक्षीत ना खिळा ना स्क्रू. सगळा भरवसा सरसावर आणि मोजमापावर. कागदाहून थोड्या जाड कापात खिळा घातला असता तर हस्तिदंत फुटले असते. जहाजाला वळवलेला खिळा, पेटीला सरस: लाकूड काय सोसेल हे आधी विचारायचे आणि मग जोड ठरवायची, ही सवय दोन्हीकडे दिसते.

२४ एप्रिल १८३७ रोजी सुरतेला आग लागली. ती तीन दिवस धुमसत राहिली आणि नऊ हजारांवर घरे गेली. जुनी लाकडी सुरत त्या आगीत मोठ्या प्रमाणात संपली. त्याच वर्षी तापीला पूरही आला. जे पुन्हा बांधले गेले त्यात लोखंडी सामान हळूहळू वाढत गेले, आणि याच शतकात विलायतेत स्क्रू स्वस्त होत होता.

स्क्रू ही वस्तू जुनी असली तरी लाकडाचा स्क्रू बराच काळ हाताने कानशीने घासून करत. आटे एकसारखे नसत आणि किंमत खिळ्याच्या कितीतरी पट. इंग्लंडमधल्या वायट बंधूंनी १७६० मध्ये स्क्रू यंत्राने कापण्याचे पेटंट घेतले. तरीही त्या स्क्रूला टोक नसे, खालचा भाग बोथट. म्हणजे जितका स्क्रू लांब, तितके भोक आधी गिरमिटाने पाडावेच लागे, पर्यायच नव्हता. १८४६ मध्ये अमेरिकेत थॉमस स्लोन याने अणकुचीदार टोकाच्या स्क्रूचे पेटंट घेतले. १८५४ मध्ये बर्मिंगहॅमजवळ नेटलफोल्ड आणि जोसेफ चेंबरलेन यांनी ते हक्क विकत घेऊन मोठा कारखाना काढला. हा चेंबरलेन म्हणजे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या नेव्हिल चेंबरलेनचे आजोबा. नेटलफोल्डचा स्क्रू जगभर गेला आणि भारतातही आला. नंतर हावड्याला गेस्ट, कीन, विल्यम्स कंपनी तोच माल इथे बनवू लागली. जुन्या सुतारांना ‘नेटलफोल्ड’ हे नाव ठाऊक असे.

टोक आले आणि तिथेच घोटाळा सुरू झाला. अणी आपोआप लाकडात शिरते असे दिसले, तेव्हा भोक पाडायची गरज संपली असे अनेकांना वाटू लागले. मऊ देवदारात किंवा आंब्याच्या लाकडात ते चालूनही जाते. सागात, शिसवात, बाभळीत नाही. इथल्या जाणत्या सुताराने म्हणूनच गिरमिट टाकले नाही. तो आधी गिरमिटाने वाट करायचा, स्क्रूच्या आट्यांना साबण किंवा मेण लावायचा आणि मग डिसमिसने पिळायचा. पितळी स्क्रू असेल तर त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी एकदा आत-बाहेर करून आटे पाडून घ्यायचा, कारण पितळ मऊ. सागाने अडवले की मान मोडून माथा हातात येतो आणि उरलेला तुकडा लाकडात राहतो. असा तुकडा काढायला अर्धा दिवस जातो.

मनगटाची जागा यंत्राने घेतली ती टप्प्याटप्प्याने. जर्मनीत स्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ मध्ये हातात धरायचे विजेचे ड्रिल केले. अमेरिकेत ब्लॅक अँड डेकरने १९१७ मध्ये पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली घोडा असलेल्या ड्रिलचे पेटंट घेतले. आजच्या प्रत्येक ड्रिलचा आकार तिथून आला. आपल्याकडे मुंबईत मुलुंडच्या रॅलीवुल्फने विजेची ड्रिले बनवली, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळला १९७६ मध्ये कुलकर्णी पॉवर टूल्स सुरू झाली. केपीटी या नावाने तिची यंत्रे ओळखली जातात. एका तालुक्याच्या गावातून पॉवर टूल देशभर जाणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती, आणि मराठी उद्योजकतेच्या इतिहासात तिला तिची जागा मिळायला हवी.

पण वायरचे ड्रिल मुख्यतः भोकासाठी होते. त्याचा वेग एवढा की त्याने स्क्रू पिळायला गेले तर माथा झिजून जायचा. स्क्रूचा माथाही मधल्या काळात बदलला. एका सरळ खाचेऐवजी फुलीची खाच अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सने १९३० च्या दशकात आणली; १९३६ मध्ये ती मोटारींच्या कारखान्यात वापरात आली. फुलीत बिट मध्यभागी बसते, म्हणून यंत्राने पिळणे शक्य झाले. बॅटरीवर चालणारे पहिले ड्रिल ब्लॅक अँड डेकरने १९६१ मध्ये काढले. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्राची माती खणून काढायला वापरलेल्या बॅटरी ड्रिलमध्ये याच कंपनीची मोटर होती. जपानच्या मकिटाने १९७८ मध्ये निकेल-कॅडमियम बॅटरीचे ड्रिल बाजारात आणले. २००५ च्या सुमाराला लिथियम-आयन बॅटरी आली, आणि वजन कमी होऊन ताकद वाढली. तेव्हापासून कॉर्डलेस ड्रिल साध्या मिस्त्रीच्या पिशवीत आले.

सुरतेला याचा उपयोग मोठा. कापडबाजारातल्या दुकानांचे फडताळ असो की वराछातल्या हिरे घासायच्या कारखान्यांची टेबले, लाकूडकामाला इथे तोटा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये खजोदला सुरत डायमंड बोर्सचे उद्घाटन झाले. साडेचार हजारांच्या आसपास कचेऱ्या एका इमारतीत. कचेरी म्हटली की टेबल, कपाट, पार्टिशन आणि बिजागरी आलीच. अशा कामांवर राजस्थानचे सुतार असतात, ओडिशा-बिहारचे हेल्पर असतात आणि भुसावळ-उधना रेल्वेने आलेली आपली खानदेशी पोरेही असतात. त्यांपैकी बहुतेकांनी सामता पाहिलेला नाही. हत्यार थेट यंत्रापासून हातात आले आहे, आणि म्हणून जे सामता आपोआप शिकवायचा ते आता कुणीतरी मुद्दाम शिकवावे लागते.

पहिली गोष्ट तीच, जी जहाजाच्या सुताराला ठाऊक होती. सागात किंवा कडक लाकडात आठ नंबरचा स्क्रू घालायचा, बाजारात ज्याला पस्तीस बाय आठ म्हणतात तो, तर आधी साधारण ३ मिलिमीटरचे भोक पाडावे. मऊ लाकडात अडीच पुरते. हे भोक स्क्रूच्या मधल्या गाभ्याएवढे असते. आट्यांना धरायला भोवती लाकूड उरले पाहिजे. वरच्या फळीत मात्र साडेचारचे मोकळे भोक हवे, म्हणजे स्क्रू वरच्या फळीत न अडकता खालची फळी वर ओढून घेतो. हे न केल्यास दोन फळ्यांत केसाएवढी फट राहते आणि कितीही पिळले तरी ती जात नाही. फळीच्या टोकाशी, जिथे तंतू उघडे असतात, तिथे तर भोकाशिवाय हात लावू नये. प्लायच्या कडेतही थर सुटतात.

दुसरी गोष्ट यंत्राच्या गळ्याजवळच्या कड्याची. त्यावर आकडे असतात आणि एक ड्रिलचे चिन्ह. हे कडे म्हणजे क्लच. आकडा लहान तितके यंत्र लवकर थांबते, कर्रर असा आवाज होऊन आतले फिरणे सुटते. जुन्या सुताराचे मनगट जिथे ‘आता पुरे’ म्हणायचे ते काम हे कडे करते. पण मनगटाला लाकूड कळायचे, कड्याला नाही. म्हणून लहान आकड्यापासून सुरुवात करून, स्क्रूचा माथा लाकडाशी सपाट बसेपर्यंत एक-एक आकडा वाढवत जावे. बिजागरीच्या छोट्या स्क्रूला मोठा आकडा लावला तर लाकडातले आटे मोडतात. मग स्क्रू फिरतच राहतो, धरत नाही. वरचा गिअर १ वर ठेवला की वेग कमी आणि जोर जास्त, तो स्क्रूसाठी. २ वर वेग जास्त, तो भोकासाठी. स्क्रू पिळताना घोडा हळूहळू दाबावा, आणि ड्रिलच्या मागे हाताचा तळवा ठेवून स्क्रूच्या रेषेत सरळ दाब द्यावा. फुलीतून बिट निसटते ते बहुतेक वेळा यंत्र कलल्यामुळे किंवा बिट झिजल्यामुळे. झिजलेले बिट वीस-तीस रुपयांत बदलता येते. माथा झिजलेला स्क्रू काढायला तास जातो.

इम्पॅक्ट ड्रायव्हर हा वेगळा भाऊ. तो टकटक करत ठोके देत पिळतो, लांब स्क्रूसाठी उत्तम. त्याला तसा क्लच नसतो, म्हणून बिजागरीवर तो चालवू नये.

आता हात-पायांची गोष्ट, जी साइटवर सर्वांत कमी बोलली जाते. स्क्रू घालायचा तुकडा एका हातात धरून दुसऱ्या हाताने ड्रिल चालवणारे रोज दिसतात. बिट निसटले की सरळ तळहातात किंवा बोटात शिरते. तुकडा क्लॅम्पने किंवा शिकंज्यात बांधावा, आणि स्क्रू जिथून बाहेर निघू शकतो त्या बाजूला हात कधीच ठेवू नये. सैल बाह्या, गळ्यातला गमछा, लटकणारी चेन किंवा लांब केस फिरत्या चकजवळ नकोत. डोळ्यांवर चष्मा हवा; सागाचा भुसा आणि तुटलेल्या बिटाची कपची डोळ्यासाठी सारखीच घातक. बिट बदलताना बॅटरी काढावी किंवा दिशेची कळ मधोमध आणून कुलूप लावावे. भिंतीत भोक पाडण्याआधी स्विचबोर्ड कुठे आहे ते पाहावे. वायर बहुधा त्याच्या सरळ वर किंवा सरळ बाजूला जाते. आणि सुरतेच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये काम करून तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नये, थंड होऊ द्यावी. लिथियमची बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते, आणि फुगली असेल तर ती वापरातून काढावी.

यातले बहुतेक ज्ञान नवे नाही. भोक आधी पाडणे, लाकडाच्या तंतूंची दिशा पाहणे, समोर उभे राहून सरळपणा तपासणे, दाब आणि वेग यांचा मेळ, हे सगळे तापीच्या काठी जहाजाच्या फळ्यांवर घडत होते. बदलले ते एवढेच की जे सामता संथपणे करायचा ते यंत्र दोन सेकंदांत करते, आणि चूकही दोन सेकंदांत होते.

माघ शुद्ध त्रयोदशीला विश्वकर्मा जयंतीला गुजरातेत सुतार हत्यारांची पूजा करतात. आपल्याकडे खंडेनवमीला अवजारांना हळदकुंकू लागते. अशा दिवशी सुरतेतल्या कारखान्यांत ड्रिलवर कुंकवाचा टिळा दिसतो, शेजारी रंधा आणि पटाशी असतात, पण शारडी क्वचितच. तुमच्या घरात, सुरतेत, नवसारीत, नंदुरबारला किंवा कोकणात माळ्यावर जुना सामता, शारडी किंवा गिरमिट पडलेले असेल तर ते भंगारात देऊ नका. घरातल्या म्हाताऱ्या सुताराला विचारून त्याच्या प्रत्येक भागाचे नाव, दोरी कशाची लावत, टोपी कशाची करत, हे एका वहीत लिहून घ्या, आणि हत्यार व वही दोन्ही जवळच्या संग्रहालयाला किंवा गावच्या शाळेला द्या.